‘ब’ कावीळ आणि इंटरफेरॉन : विषाणू औषधाला दाद का देत नाही?

कावीळ म्हटली की हिंगोली जिल्ह्यातील वाडी-तांड्यांवर आजही अनेकांना प्रथम आठवते ती गळ्यात घालावयाची माळ आणि पहाटे अनशापोटी घ्यावयाचा झाडपाल्याचा रस. माळ दिवसागणिक लांबत जाते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि माळ देणाऱ्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते. या कीर्तीमागे एक साधे कारण आहे. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ आणि ‘इ’ प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. माळ नसती तरीही ती बरी झालीच असती. ‘ब’ प्रकारच्या काविळीचे, म्हणजे हिपॅटायटिस-बीचे, तसे नाही. तिचा विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणाच्या वेळी मातेकडून बालकाकडे जातो. एकदा यकृतात ठाण मांडले की तो वीस-तीस वर्षे डोळे पिवळे न करता राहू शकतो. रुग्ण शेतात राबत असतो, ऊसतोडीला जात असतो, जेवतखात असतो. पुढे एके दिवशी पोटात पाणी होते अथवा रक्ताची उलटी होते आणि मग यकृत आक्रसल्याचे अथवा त्यात कर्करोग झाल्याचे निदान होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू दीर्घकाळ वास करून होता. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख लोक भारतात होते. हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास पडते. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात होती. देशाचेच प्रमाण येथे गृहीत धरले तर जिल्ह्यातील बाधितांची संख्या तेवीस-चोवीस हजारांपर्यंत जाते. हा केवळ त्रैराशिकाचा हिशेब आहे, मोजणी नव्हे. परंतु प्रश्न एखाद्या-दुसऱ्या घराचा नाही, हे समजण्यास तो पुरेसा आहे.

अशा रुग्णाला शहरातील दवाखान्यात कधी कधी ‘इंटरफेरॉनच्या सुया’ सुचविल्या जातात. आठवड्याला एक याप्रमाणे अठ्ठेचाळीस आठवडे. एका सुईची किंमत काही हजारांच्या घरात जात असल्याने कुटुंबाला दागिना अथवा जमिनीचा तुकडा मोडावा लागतो. वर्ष सरते आणि तपासणीत विषाणू पूर्वीप्रमाणेच आढळतो. ‘औषध लागू पडले नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते का लागू पडले नाही, आणि ते लागू पडणार नाही हे आधी कळले असते काय, हे दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत. विज्ञानाजवळ त्यांची बऱ्यापैकी उत्तरे आहेत.

विषाणूचे मूळ दप्तर

या विषाणूचा पहिला माग अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लूमबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवात त्यांना एक अपरिचित प्रथिन आढळले. १९६५ मध्ये त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नावाने प्रसिद्ध केले. तेच या विषाणूचे बाह्य आवरण असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९७० मध्ये डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणू पाहिला. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

विषाणू आकाराने अतिसूक्ष्म, सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा आहे. त्याचा आनुवंशिक मजकूर अवघ्या ३,२०० अक्षरांच्या आसपास भरतो. रक्तातून तो यकृतपेशीपर्यंत येतो आणि तेथे पित्तक्षार आत घेणाऱ्या एका प्रथिनाच्या दारातून शिरतो. हे दार कोणते, हे चीनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. आत शिरल्यावर विषाणू थेट पेशीच्या केंद्रकात जातो आणि आपला अपुरा डीएनए पूर्ण करून त्याचे एक घट्ट, बंद वर्तुळ तयार करतो. सर्व गुंतागुंतीचे मूळ या वर्तुळात आहे.

तलाठी कार्यालयातील व्यवहाराशी याची तुलना करता येईल. मूळ दप्तर कपाटात असते आणि त्यावरून सात-बाराच्या नकला हव्या तितक्या काढता येतात. बंद वर्तुळ हे विषाणूचे मूळ दप्तर होय. त्यावरून पेशी त्याच्या नकला काढत राहते आणि त्या नकलांतून नवे विषाणू घडतात. टेनोफोव्हिर अथवा एन्टेकॅव्हिर या गोळ्या नकला काढणारे यंत्र बंद पाडतात. रक्तातील विषाणू त्यामुळे झपाट्याने उतरतो. परंतु दप्तर कपाटात शाबूतच राहते. गोळ्या थांबविल्या की यंत्र पुन्हा सुरू होते. बहुतेकांना या गोळ्या वर्षानुवर्षे का घ्याव्या लागतात, हे यावरून ध्यानी येईल.

इंटरफेरॉन काय करते?

इंटरफेरॉन हे मुळात बाहेरचे औषध नव्हे. मानवी शरीर ते स्वतःच तयार करते. लंडनमधील ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला. एका विषाणूची लागण झालेल्या पेशी काही तरी पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी दुसऱ्या विषाणूलाही दाद देत नाहीत, असे त्यांना आढळून आले. गावात चोर शिरल्यावर पहिल्या घराने दिलेली हाळी ऐकून पुढची घरे दारे लावून घेतात, त्यातला हा प्रकार. पुढे हा पदार्थ जिवाणूंकरवी मोठ्या प्रमाणावर तयार करता येऊ लागला. हिपॅटायटिस-बीसाठी अमेरिकेत त्याला १९९२ मध्ये मान्यता मिळाली. शरीरात अधिक काळ टिकणारा, म्हणून आठवड्यातून एकदाच टोचावा लागणारा प्रकार २००५ पासून उपलब्ध झाला.

सुईवाटे दिलेले इंटरफेरॉन यकृतपेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते. तेथून निरोप्या प्रथिनांची एक साखळी जागी होते. यांपैकी ‘स्टॅट’ नावाची प्रथिने केंद्रकात जाऊन शेकडो जनुके कामाला लावतात. या जनुकांची कामे अनेक आहेत. काही विषाणूच्या नकलांचा चुरा करतात. काहींमुळे मूळ वर्तुळाभोवतीच्या प्रथिनांत असे रासायनिक बदल होतात, की दप्तरावर जणू मोहोर बसते व नकला काढणे थांबते. इटलीतील संशोधकांनी हे २०१२ मध्ये दाखविले. पुरेशा मात्रेत इंटरफेरॉन प्रत्यक्ष वर्तुळाचीही मोडतोड करू शकते, असे जर्मनीतील प्रयोगशाळेत २०१४ मध्ये आढळले. याखेरीज इंटरफेरॉन शरीराच्या संरक्षक पेशींनाही चेतविते आणि त्या बाधित यकृतपेशी हुडकून नष्ट करतात. गोळीचा हल्ला यंत्रावर असतो, इंटरफेरॉनचा दप्तरावर आणि दप्तर सांभाळणाऱ्यावर. म्हणूनच ते ज्याला लागू पडते त्याला वर्षभराच्या उपचारानंतर औषधातून मोकळीक मिळण्याची आशा असते.

परंतु अशा भाग्यवंतांची संख्या थोडी आहे. ‘ई’ प्रतिजन असलेल्या रुग्णांत वर्षभराच्या उपचारानंतर सुमारे एक-तृतीयांशांत ते प्रतिजन जाऊन त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. विषाणूचे पृष्ठभागीय प्रतिजनच नाहीसे होणे, जिला तज्ज्ञ कार्यात्मक रोगमुक्ती म्हणतात, ती लगोलग शंभरातील थोड्याच जणांच्या वाट्याला येते.

प्रतिरोध म्हणजे नेमके काय?

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हिवतापाचा परजीवी क्लोरोक्विनला किंवा क्षयाचा जंतू रिफाम्पिसिनला दाद देईनासा होतो, तेव्हा त्या जंतूच्या रचनेत विशिष्ट बदल झालेला असतो. हिपॅटायटिस-बीचा विषाणूही गोळ्यांच्या बाबतीत असे वागला आहे. १९९८ पासून वापरात आलेल्या लॅमिव्हुडिनचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. नकला काढणाऱ्या यंत्रातील एकाच अमायनो आम्लाच्या बदलाने विषाणू त्या गोळीतून निसटू लागला आणि पाच वर्षे ती एकटीच घेणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के रुग्णांत असा प्रतिरोधी विषाणू आढळला. टेनोफोव्हिरबाबत असा प्रतिरोध अत्यंत विरळ आहे. आजच्या उपचारपद्धतीत तिला अग्रस्थान मिळण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

इंटरफेरॉनविरुद्धचा प्रतिरोध या अर्थाचा नव्हे. इंटरफेरॉन विषाणूला थेट भिडतच नाही. ते पेशीला आज्ञा देते आणि पेशी विषाणूशी लढते. त्यामुळे विषाणूची चाल आज्ञा मधेच अडविण्याची असते, आणि ती तो अनेक ठिकाणी अडवितो.

पहिली गोष्ट म्हणजे तो गाजावाजा न करता शिरतो. चिंपांझींवरील प्रयोगांत असे दिसून आले, की या विषाणूच्या प्रसाराच्या प्रारंभीच्या काळात यकृतात इंटरफेरॉनशी संबंधित जनुके जवळजवळ जागीच होत नाहीत. हिपॅटायटिस-सीचा विषाणू मात्र त्यांना खडबडून जागे करतो. हाळीच न दिल्यामुळे शेजारची घरे बेसावध राहतात.

दुसरी चाल निरोप्याला वाटेत गाठण्याची. विषाणूचे नकला काढणारे प्रथिन ‘स्टॅट’ला केंद्रकात नेणाऱ्या वाहकाशी झोंबते, असे प्रयोगशाळेतील पेशींत आढळले आहे. निरोप पेशीत येतो, पण केंद्रकाच्या उंबऱ्याशी थबकतो. बाहेरून इंटरफेरॉनची मात्रा कितीही वाढविली, तरी थबकलेला निरोप त्यामुळे आत जातोच असे नाही.

तिसरी चाल अधिक खोलवरची आहे. मानवी पेशीत परक्या वर्तुळाकार डीएनएला गप्प बसविणारी प्रथिनांची एक जुडी असते. विषाणूचे ‘एक्स’ नावाचे लहानसे प्रथिन या जुडीला पकडून पेशीच्याच कचरा-निर्मूलन यंत्रणेकडे रवाना करते. २०१६ मध्ये हा उलगडा झाला, आणि ‘एक्स’ प्रथिनाचे प्रयोजन काय, या फार जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. इंटरफेरॉन दप्तरावर मोहोर उठवू पाहते आणि ‘एक्स’ प्रथिन दप्तर उघडे ठेवू पाहते, अशी ही रस्सीखेच चालते.

याखेरीज फसवणुकीचाही भाग आहे. बाधित यकृत विषाणूच्या आवरणाचे रिकामे कण रक्तात सोडत असते. खऱ्या विषाणूच्या तुलनेत या पोकळ कणांची संख्या हजारपट, कधी त्याहूनही कितीतरी अधिक असते. या लोंढ्याशी झुंजून संरक्षक पेशी वर्षानुवर्षांनी थकतात. थकलेल्या शिपायाला इंटरफेरॉनची हाक ऐकू आली, तरी त्याच्या हातून काम होत नाही. ज्याला जन्मतःच लागण झाली त्याच्या शरीराला तर हा विषाणू परका वाटतच नाही. नवजात अर्भकाला लागण झाल्यास शंभरातील सुमारे नव्वदांत ती कायमची होते. धडधाकट प्रौढात हेच प्रमाण पाचांहून कमी असते. इंटरफेरॉनच्या अपयशाची कित्येक प्रकरणे अशा रीतीने बाळंतपणाच्या खोलीतच ठरून गेलेली असतात.

‘डी’ गटाचा प्रश्न

या विषाणूचे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक जनुकीय गट आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम भारतातील नमुने तपासून २००३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ‘डी’ गट सर्वाधिक आढळला. गटावरून आजाराची तीव्रता ठरत असल्याचे त्या अभ्यासात दिसले नव्हते. परंतु इंटरफेरॉनला मिळणाऱ्या प्रतिसादाचा प्रश्न त्याहून निराळा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ‘ए’ गटाच्या ४७ टक्के रुग्णांत ‘ई’ प्रतिजन नाहीसे झाले, तर ‘डी’ गटाच्या केवळ २५ टक्के रुग्णांत. औषध तेच, मात्रा तीच, सुयाही तितक्याच. यशाची शक्यता मात्र जवळजवळ निम्मी.

‘डी’ गटाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. विषाणूच्या मजकुरातील १८९६ क्रमांकाचे एक अक्षर बदलले, की ‘ई’ प्रतिजनाची निर्मिती मध्येच खुंटते. ‘ए’ गटात हा बदल सहसा टिकत नाही, कारण समोरील १८५८ क्रमांकाच्या अक्षराशी त्याची जोडी जुळत नाही व मजकुराची आवश्यक घडी विसकटते. ‘डी’ गटात मात्र जोडी जुळते, उलट घडी अधिकच घट्ट बसते. परिणामी ‘डी’ गटाच्या पुष्कळ रुग्णांत ‘ई’ प्रतिजन नसते, पण विषाणू जोमात असतो. केवळ त्या एका तपासणीवर विसंबणाऱ्याला रोग शमल्याचा भास होतो. अशा रुग्णांत इंटरफेरॉनने विषाणू उतरला, तरी सुया थांबल्यावर तो पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण मोठे असते.

सर्व सुया टोचून होण्यापूर्वीच अपयश ओळखण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे, आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत मोलाचा ठरावा. उपचाराच्या बाराव्या आठवड्यात रक्तातील पृष्ठभागीय प्रतिजनाचे परिमाण आणि विषाणूचा डीएनए मोजतात. ‘ई’ प्रतिजन नसलेल्या ‘डी’ गटाच्या रुग्णात प्रतिजन मुळीच घटले नाही व डीएनए शंभरपटीनेही उतरला नाही, तर पुढे यशाची आशा जवळजवळ नसते व सुया थांबवाव्यात, असे युरोपीय यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. छत्तीस आठवड्यांचा खर्च त्यामुळे वाचतो आणि रुग्णाची ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशींतील घट व मनाची उदासीनता या दुष्परिणामांतून लवकर सुटका होते. ज्यांचे यकृत निकामी होऊ लागले आहे त्यांना, तसेच गरोदर स्त्रियांना, इंटरफेरॉन देऊच नये असा दंडक आहे. सुया सुरू करण्यापूर्वी विषाणूचा गट, डीएनएचे प्रमाण आणि यकृताची अवस्था विचारून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. डॉक्टरांनाही असा प्रश्न अवघड वाटण्याचे कारण नाही.

जिल्ह्यात काय करता येईल?

केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअन्वये तपासणी व गोळ्या विनामूल्य मिळतात. शासन गोळ्या देते म्हणजे हलके औषध देते व खरे औषध शहरात विकत मिळते, असा एक समज कानी येतो. तो निराधार आहे. वर सांगितलेली ‘डी’ गटाची स्थिती पाहता आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांसाठी टेनोफोव्हिर हाच अधिक भरवशाचा मार्ग ठरतो. प्रत्येक बाधिताला लगेच औषध लागतेच असेही नाही. ते तपासणीवरून ठरते. मात्र एकदा सुरू केलेली गोळी मनाने बंद करणे धोक्याचे आहे, कारण विषाणू उसळून यकृताला अचानक जबर इजा होऊ शकते. दिवाळीनंतर सहा-सहा महिने उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांत असा खंड पडणे सहज शक्य असते. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या आणि उपचाराची कागदपत्रे त्यांच्या हाती पडली आहेत ना, हे पाहणे ग्रामपंचायत सदस्य आणि आशा कार्यकर्ती यांना अवघड नाही.

दूषित सुईने काय होते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातमध्ये घडले. २००९ मध्ये मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीची साथ पसरली व अनेकांचे प्राण गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केलेल्या अभ्यासात नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजांचा पुन्हापुन्हा वापर हे कारण पुढे आले. रुग्णांतील विषाणूत वर वर्णिलेल्या १८९६ क्रमांकाच्या बदलासारखे बदलही आढळले आणि मृत्यूंचे मोठे प्रमाण त्यांच्याशी निगडित असल्याचे दिसून आले. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. बाजाराच्या दिवशी ‘सुई मारून द्या’ असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाने सुईचे वेष्टन आपल्यासमोर फोडले जात आहे काय, एवढे तरी पाहावयास हवे. न्हाव्याच्या वस्तऱ्याचे पाते आणि गोंदणाची सुई यांनाही हेच लागू आहे.

शाळांच्या संदर्भात एक गोष्ट स्पष्ट असणे बरे. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातील पाणी प्यायल्याने, शेजारी बसल्याने अथवा शिंकेतून पसरत नाही. बाधित बालकाला वर्गात वेगळे बसविणे अगर शालेय पोषण आहाराच्या पंगतीतून उठविणे यास वैद्यकशास्त्राचा कोणताही आधार नाही.

इंटरफेरॉनची गरजच पडू नये, यासाठीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पहिली भारतीय हिपॅटायटिस-बी लस बाजारात आणली आणि तोवर महाग असलेली ही लस सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. पुढे सार्वत्रिक लसीकरणात तिचा टप्प्याटप्प्याने समावेश होऊन २०११-१२ पर्यंत ती देशभर पोहोचली. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत आणि पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लशीतून दिल्या जातात. माता बाधित असल्यास बालकाला लशीसोबत प्रतिपिंडांची वेगळी सुईही दिली जाते. गरोदरपणातील रक्ततपासणी त्यासाठीच आवश्यक असते. तपासणीत विषाणूचे प्रमाण जास्त आढळले, तर मातेला अखेरच्या तीन महिन्यांत टेनोफोव्हिर देतात.

घरी, फडावर वा वीटभट्टीवर झालेल्या बाळंतपणात या पहिल्या चोवीस तासांची मात्रा हमखास हुकते. मराठवाड्यातून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपैकी कोणत्या स्त्रीचे दिवस कोणत्या महिन्यात भरत आहेत, याची नोंद गावातील आशा कार्यकर्तीजवळ असते. ती नोंद फडाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वेळेत कळविण्याची व्यवस्था झाली, तर तेथे जन्मणाऱ्या बालकालाही पहिल्याच दिवशी लस मिळू शकेल. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातील बाधितांपैकी किती जणांत ‘डी’ गटाचा विषाणू आहे आणि किती मातांना जन्मतःच लागण झाली होती, या प्रश्नांचा शोध पुढील काही वर्षांत त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेता येण्यासारखा आहे.